फाटक्या आवाजाची पारख

दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब. झाले अकरा. १९६६ साली लंडनच्या बाजारात आलेल्या ‘फझ फेस’ या, गिटारचा आवाज फाडणाऱ्या पेडलच्या पोटात बॅटरी, जॅक आणि पायाने दाबायचं बटण सोडलं तर एवढाच ऐवज. तरी या अकरा भागांवरून गेली साठ वर्षं वाद चालू आहेत, पेडलांना पाच आकडी किमती मोजल्या जातात, आणि कोथरूडपासून विमाननगरपर्यंत ज्या पोराच्या हातात इलेक्ट्रिक गिटार येते, ते वर्षा-दीड वर्षात विचारू लागतं: फझ कुठला घेऊ?

उत्तर ब्रँडच्या नावात नाही, अडचण तीच आहे. डिले, कोरस, ओव्हरड्राइव्ह ही पेडलं कुठल्याही गिटारला जोडा, थोड्याफार फरकाने आपलं काम करतात. फझचं तसं नाही. मागे गिटार कुठली, पुढे ॲम्प कुठला, बॅटरी किती जुनी आणि खोलीत उकडतंय किती, या सगळ्यावर त्याचा आवाज ठरतो. परदेशातल्या कुणाच्या स्टुडिओतला व्हिडिओ ऐकून सदाशिव पेठेत फझ विकत घेणारा निम्म्याहून जास्त माहिती न बघताच पैसे मोजत असतो.

फझ जन्माला आला तोच बिघाडातून. १९६०च्या अखेरीला नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं रेकॉर्ड होत होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता. कन्सोलच्या ज्या चॅनलमधून त्याचा आवाज जात होता, त्यातला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बेस चिरकायला लागला. तो टेक कुणी टाकून दिला नाही. १९६१मध्ये गाणं गाजलं आणि इतर वादक ‘तसलाच आवाज’ मागू लागले. मग इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने रेव्हिस हॉब्ज या सहकाऱ्याबरोबर त्या बिघाडाची नक्कल करणारं सर्किट ट्रान्झिस्टरवर बांधलं. गिब्सन कंपनीने १९६२मध्ये ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला काढलं. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड-दीड व्होल्टचे दोन सेल. जाहिरातीचा दावा असा की या डबीमुळे गिटारातून ट्रॉम्बोन, ट्यूबा, चेलो वाजेल. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली.

तीन वर्षांनी रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ची ती प्रसिद्ध धून या डबीतून वाजवली. त्याच्या मनात ती धून पितळी वाद्यांसाठी होती, फझवर नुसता कच्चा आराखडा करून ठेवला होता. म्हणजे जाहिरात शब्दशः खरी धरून ट्रॉम्बोनच्या जागी फझ वापरणारा एकुलता एक गिऱ्हाईक तोच म्हणायचा! बाकीच्यांना आराखडाच आवडला आणि दुकानांतला साठा संपला. १९६५मध्येच लंडनला गॅरी हर्स्टने ‘टोन बेंडर’ बनवला. पाठोपाठ आयव्हर आर्बिटरने माइक स्टँडच्या गोल बैठकीवरून आकार सुचलेला ‘फझ फेस’ आणला आणि जिमी हेंड्रिक्सने तो अजरामर केला. १९६९च्या सुमारास न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूजचा चार ट्रान्झिस्टरांचा ‘बिग मफ’ आला. आज बाजारात शेकडो नावं दिसतात, पण बहुतेकांचं घराणं शोधत गेलं की याच तीन-चार दारांशी पोचतो.

फझच्या आत होतं काय? तार छेडली की पिकअपमधून गोलसर लाट येते. फझ ती इतकी फुगवतो की बॅटरीचे नऊ व्होल्ट अपुरे पडतात आणि लाटेचा माथा-तळ छाटला जातो. छाटलेल्या कडांमधून मूळ सुरात नसलेले वरचे स्वर बाहेर पडतात. तार मंदावत गेली तरी छाटणी चालूच असते, म्हणून सूर लांबतो.

मराठी कानाला हे मुळीच परकं नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, तेव्हा घोडीचा माथा अशा बेताने घासतात की तार त्याला हलकेच चाटत राहावी. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून झणकार नेमका जागेवर आणतात. स्वच्छ सुरात जाणूनबुजून मिसळलेली ही झिणझिण नसेल तर तंबोरा मुका वाटतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये तंबोरा आणि वीणेच्या याच गुणावर लिहिलं. तार जिथे छेडली तिथेच ज्या उपस्वरांची गाठ पडते, ते नियमाने ऐकू यायला नकोत, पण तंबोऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘सवाई गंधर्व’ महोत्सवाच्या मांडवात डोळे मिटून तंबोरे ऐकणाऱ्या आजोबांना नातवाचा फझ सहन होत नाही, हे मला नेहमी जरा अन्यायाचं वाटतं.

अर्थात आजोबांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. तंबोऱ्यात प्रत्येक तारेची जवारी वेगळी. फझमध्ये सहाही तारा एकाच ट्रान्झिस्टरच्या तोंडी जातात आणि तिथे एकमेकींत घुसतात. दोन स्वर एकदम वाजवले की त्यांच्या कंपनसंख्यांची वजाबाकी आणि बेरीज हे दोन नवे स्वर उमटतात. सा ११० हर्ट्झवर धरला तर गिटारवरचा प १६४.८वर येतो. वजाबाकी ५४.८, म्हणजे जवळजवळ खालच्या सप्तकातला सा. बेरीज २७४.८, म्हणजे २७५वर असणाऱ्या शुद्ध गांधाराला जवळजवळ चिकटलेली. तंबोऱ्यातून कुणी न छेडता ऐकू येणाऱ्या ज्या स्वयंभू गांधाराचं आपल्याला एवढं कौतुक, तोच गांधार सा-पची जोडी फझमध्ये घातली की हजर होतो. गिटारवाले हिला पॉवर कॉर्ड म्हणतात. फझमधून ती एवढी भरदार का वाजते, याचं मोठं कारण हे.

आता पच्या जागी ग घ्या. गिटारचे पडदे समान अर्धस्वरांचे, त्यामुळे त्यांच्यावरचा ग १३७.५वर नाही, १३८.६वर येतो. नुसत्या गिटारवर हा चढेपणा खपून जातो. फझमध्ये वजाबाकी २८.६ येते. २७.५ला सा आहे, आणि हा स्वर त्याच्या वर अर्धस्वराचा दोन-तृतीयांश भाग चढलेला. कुठल्याच स्वराशी नातं नसलेली नुसती घरघर. म्हणून पूर्ण मेजर कॉर्ड फझमध्ये चिखल होतो. पेडल बदलून तो सुधारत नाही, बोटं बदलावी लागतात.

आपल्याकडे हा आवाज तसा लवकर पोचला होता. सत्तरच्या दशकात मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’सारख्या बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये फझ भरपूर आहे. १९७१मध्ये लोणावळ्याच्या अलीकडे मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा रॉक मेळावा भरला होता, पुणे लोकलच्या स्टेशनाजवळचं आपलं ‘वुडस्टॉक’! तेव्हा पेडल मिळायचं ते परदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून. २०१०पासून पुण्यात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा संगीत महोत्सव भरू लागला तोवर चित्र पालटलं होतं. आणि आता तर आदित्य नंदवाना यांची ‘ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन’ ही मुंबईची कंपनी ‘बॅरन सामेदी’, ‘पिट व्हायपर’ अशा नावांची पेडलं बनवते आणि ती परदेशातही विकली जातात. स्वच्छ, गोजिरवाणा आवाज हवा असणाऱ्यांनी तिकडे फिरकू नये. धिप्पाड आणि हिंसक फझ हवा असेल तर आयात पेडलच्या आधी हे ऐकावं.

निवडीत पहिला फाटा येतो तो जर्मेनियम की सिलिकॉन हा. सुरुवातीचे फझ जर्मेनियमचे. त्यांचा आवाज मऊ, काठ बोथट. साठच्या दशकाच्या शेवटी सिलिकॉन आलं तसा आवाज धारदार आणि जास्त आक्रमक झाला. जर्मेनियमभोवती फार मोठी भक्ती आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण जर्मेनियम गळकं असतं. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो आणि तापमान दहा अंश चढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. डिसेंबरच्या रात्री २० अंशांच्या खोलीत मधाळ वाजणारं पेडल एप्रिलच्या दुपारी ४० अंशांत चौपट गळतं. मग सूर मध्येच तुटतो, आवाज दबतो, आणि काल तर छान वाजत होतं, असं म्हणत माणूस केबल बदलत बसतो. आपल्याकडे मैदानी कार्यक्रम बहुतेक थंडीत होतात हे जर्मेनियमवाल्यांचं नशीब.

हौस असेल तर माल मात्र आपल्या गावातच सापडू शकतो. साठच्या दशकात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली आणि आपल्या घरोघरच्या रेडिओंमध्ये ते जाऊन बसले. जुन्या रेडिओच्या आउटपुटला बहुधा ‘एसी १२८’ किंवा ‘एसी १८७-१८८’ची जोडी असते, आणि ‘एसी १२८’ हा फझवाल्यांचा जगभरचा लाडका. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मेलेला रेडिओ दिसला तर मागचं झाकण उघडून बघायला हरकत नाही. मात्र मल्टिमीटरवरच्या गेनच्या आकड्यावर भाळू नये. गळतीही त्या आकड्यात मिसळलेली असते, आणि २००चा गेन दाखवणारा ट्रान्झिस्टर खरा ८०चाच निघू शकतो.

शिवाय जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम फझमध्ये बॅटरीचा प्लस अर्थला जोडलेला असतो, बाकी बहुतेक पेडलांमध्ये मायनस. एकाच ॲडॅप्टरवरून माळ करून सगळ्यांना वीज दिली की शॉर्ट झालंच समजा. अशा फझला स्वतःची बॅटरी द्यावी. आपल्याकडे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी स्वस्त ‘हाय-वॉट’ची नऊ व्होल्टची झिंक-कार्बन बॅटरी यासाठी महागड्या अल्कलाइनपेक्षा सरस, असं फझवाले म्हणतात. ती लवकर थकते आणि थकली की आवाज मऊ होतो. मला यातलं निम्मं खरं वाटतं. फझ एक मिलीअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह घेतो, त्यामुळे तीच बॅटरी महिनोन्‌महिने जाते. पेडलवर एलईडी बसवला तर फझपेक्षा तो दिवाच जास्त खातो.

दुसरी कसोटी याहून महत्त्वाची, आणि तिच्यासाठी कान सोडून काही लागत नाही. फझ पूर्ण चढवा, गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवा, एक सूर वाजवा. मग करंगळीने गिटारचा व्हॉल्यूम आठवर, सातवर, सहावर आणत तोच सूर वाजवत राहा. चांगला फझ फेस इथे रंग बदलतो. फाटका सूर हळूहळू सांधला जातो आणि सहाच्या आसपास काचेसारखी स्वच्छ गिटार ऐकू येते, नुसत्या गिटारपेक्षाही जास्त चमकदार. हेंड्रिक्स एकाच गाण्यात गर्जनेवरून कुजबुजीवर येई, त्यात पायापेक्षा या करंगळीचं काम जास्त. ज्या पेडलमध्ये व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज फक्त लहान होतो, स्वच्छ होत नाही, ते पेडल वाईट नाही, पण ते बटण आहे, वाद्य नाही.

हे जमतं कारण फझ फेस गिटारच्या पिकअपवर थेट ओझं टाकतो आणि दोघं मिळून एकच सर्किट होतात. मध्ये दुसरं पेडल आलं, विशेषतः बंद असतानाही सिग्नल आपल्या बफरमधून नेणारा ट्यूनर, की ही सोयरीक तुटते आणि आवाज कर्कश होतो. म्हणून फझ गिटारनंतर पहिला. दुकानात पेडलबोर्डाच्या मधोमध अडकवलेला फझ ऐकून त्याला नावं ठेवू नयेत.

बिग मफचं गणित निराळं. तो कुठेही लावा, फारसं बिघडत नाही, सूर लांबच लांब चालतो, आणि एकट्याने घरी वाजवताना त्याच्याइतका भव्य आवाज कुठलाच नाही. पण त्याच्या टोनच्या रचनेत मधल्या पट्टीतले स्वर खचलेले असतात, आणि बँडमध्ये गिटार ऐकू येते ती नेमकी त्या पट्टीतून. ड्रम आणि बेस सुरू झाले की घरी भिंती हलवणारा मफ गायब होतो. बँडमध्ये वाजवणाऱ्याने टोन बेंडरच्या घराण्यातलं काही बघावं. घरातच वाजवायचं असेल तर मफसारखं सुख नाही. शेजारी त्याला सुख म्हणतीलच असं नाही.

इथे ॲम्पचा मुद्दा येतो. जो ॲम्प स्वतःच किंचित फुटण्याच्या बेतात आहे, त्याच्यापुढे फझ खुलतो. सोसायटीतल्या बेडरूममध्ये, आवाज दोनवर ठेवलेल्या दहा वॉटच्या छोट्या ॲम्पमध्ये तो गांधीलमाशीसारखा वाजतो आणि दोष पेडलला जातो. अशा वेळी टोन अर्ध्यावर आणावा, फझ थोडा कमी करावा, आणि फझनंतर एखादा सौम्य ओव्हरड्राइव्ह लावून ॲम्पची उणीव भरून काढावी. गुणगुण हा आणखी एक घरचा अनुभव. फझ आवाजाबरोबर ५० हर्ट्झचा हमही तितकाच फुगवतो. जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसेल, डोक्यावर चोकवाली ट्यूबलाइट असेल आणि गिटार सिंगल कॉइलची असेल, तर सूर संपला की हमच उरतो. जास्त गेनच्या सिलिकॉन फझमधून मीडियम वेव्हवरचं रेडिओ केंद्र ऐकू येणं हीही जगभरची जुनी तक्रार. पुण्यात त्या मानाचा हक्कदार आकाशवाणीचा ७९२ किलोहर्ट्झ. धातूचा डबा आणि पहिल्या ट्रान्झिस्टरवर एक चिमुकला कपॅसिटर एवढ्यावर बातम्या बंद होतात.

माझं मत विचाराल तर पुण्यात राहणाऱ्याने पहिला फझ विकत घेऊच नये, बनवावा. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्टवर पोसलेली आहेत, आणि फझ फेसला लागणाऱ्या अकरांपैकी एकही भाग तिथे दुर्मीळ नाही. चिठ्ठी काउंटरवर ठेवली की संवाद साधारण असा होतो.

“काका, दोन पी-३८ सॉकेट द्या.”

“मोनो की स्टिरिओ?”

“एक मोनो, एक स्टिरिओ.”

“ॲम्प्लिफायरला का? मग दोन्ही मोनोच लागतील ना.”

काकांचा तर्क बरोबर आहे, पण फझला इनपुटचं सॉकेट स्टिरिओच लागतं. गिटारचा मोनो प्लग आत गेला की सॉकेटच्या दोन पट्ट्या आपोआप जोडल्या जातात आणि बॅटरी चालू होते. प्लग काढला की बंद. वेगळा स्विच लागत नाही. ट्रान्झिस्टर मागताना ‘बीसी ५४७’ म्हटलं की काका मूठभर पुढे करतील, एकेक दोन-चार रुपयांचा. त्यात ए, बी, सी अशी गेनची प्रतवारी असते. सी सगळ्यात जोरकस म्हणून हात तिकडे जातो, पण फझला ए बरा, कारण गोंगाट कमी आणि आकाशवाणीही कमी. झिरो पीसीबीचा तुकडा, ३३ के, १०० के, ४७० ओहमचे रेझिस्टर, आणि ८.२ केच्या जागी दहा केचा एक निळा प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, घ्यावा.

त्या प्रीसेटमध्ये सगळी गंमत आहे. जोडणी झाली की मल्टिमीटरची काळी पिन अर्थला आणि लाल पिन दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला लावा, आणि बारीक पेचकसाने प्रीसेट फिरवत साडेचार व्होल्ट आणा, बॅटरीच्या बरोबर निम्मे. आता मीटर बाजूला ठेवून गिटार वाजवत पेचकस केसभर इकडेतिकडे करा. मध्यावर सूर गोल आणि लांब. मध्यापासून फार सरकलं की तोच सूर संपत येताना फुरफुरतो आणि कापल्यासारखा थांबतो. काही लोकांना नेमका हाच मरतुकडा आवाज हवा असतो. विकतच्या पेडलमध्ये हा प्रीसेट बहुधा डब्याच्या आत बंद असतो, आणि आपल्याला काय आवडतं हे कळायच्या आधी कंपनीने आपल्या वतीने ठरवून टाकलेलं असतं. एक संध्याकाळ पेचकस फिरवण्यात गेली की दुकानात काय मागायचं ते कळतं.

त्यानंतर खुशाल विकत घ्या. जाताना गिटार स्वतःची न्या, जमलं तर घरचा छोटा ॲम्पही. पेडल दुकानातल्या शंभर वॉटच्या ॲम्पवर ऐकलं तर ॲम्प आवडून पेडल घरी येतं. बरोबर वाजवणारा मित्र असेल तर त्याला बेस घ्यायला सांगा, मफ खरेदीचे निम्मे निर्णय तिथेच बदलतील. आणि एप्रिल-मेमध्ये जर्मेनियम फझ बघायला गेलात तर दुकानातला एसी अर्धा तास बंद ठेवायला सांगा. दुकानदार हसेल. हसू द्या.